पहिलीच्या वर्गात किती?

दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स झळकतो. त्याच शाळेच्या पहिलीत दहा-पंधरा मुलं बसलेली असतात. त्याचा फ्लेक्स कोणी लावत नाही. गिरगाव ते दादर या पट्ट्यातल्या छोट्या पॅरिश शाळांकडे, म्हणजे स्थानिक चर्चने चालवलेल्या शाळांकडे, मागे वळून पाहताना हेच आधी लक्षात येतं. शाळा वरच्या वर्गातून बंद पडत नाही, ती खालून रिकामी होत येते.

या शाळा इतक्या दाटीने उभ्या राहिल्या, त्यालाही कारण आहे. 1794 ते 1928 या काळात मुंबईतल्या कॅथलिकांवर दोन अधिकार चालत होते: पोर्तुगालचा पाद्रोआदो आणि रोमचा प्रोपागांडा. गिरगावाजवळच्या कावेलसारख्या एवढ्याशा वस्तीतही दोन्ही गटांची वेगळी चर्च होती. चर्च उभं राहिलं की मागोमाग शाळा येई. दादरचं पोर्तुगीज चर्च 1596 मधलं. त्याच्या आवारातली अँटोनियो डिसिल्वा शाळा 1851 ची. चालत दहा मिनिटांच्या अंतरावर दोन-दोन शाळा भरतील इतकी मुलं तेव्हा वाड्यांत, चाळींत आणि गोंयकारांच्या कुडांत, म्हणजे गावांच्या क्लबांत, होती.

पुढे गिरणगावाने या बाकांना आणखी मुलं दिली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि अनेक घरं कायमची हलली. तरी शाळांचा पट एका वर्षात कोसळला नाही. दहावीच्या तोंडावर आलेलं पोर कोणी काढत नाही. गावी जातं ते धाकटं. म्हणून वस्तीवरचा घाव शाळेच्या हजेरीपटावर उशिरा उमटतो.

त्यात एक गंमत झाली. कामगारांच्या पुढच्या पिढीने मराठी शाळांकडे पाठ फिरवली आणि मुलांना ‘कॉन्व्हेंट’मध्ये घातलं. शेजारची मराठी शाळा ज्या कारणाने ओस पडत होती, त्याच कारणाने पॅरिशची इंग्रजी शाळा भरत होती. ख्रिस्ती कुटुंबं वसई, बोरिवलीकडे सरकत होती, बाप्तिस्म्याचं रजिस्टर बारीक होत होतं, तरीही वर्ग भरलेले दिसत. फादर आणि मुख्याध्यापक निर्धास्त राहिले ते त्यामुळेच. ती गर्दी उसनी होती.

उसनं ते परत गेलंच. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण टॉवरमधली मुलं स्टेट बोर्डाच्या शाळेत येत नाहीत. चाळ पुनर्विकासाला गेली की दोन-तीन वर्षांसाठी म्हणून भाड्याने बाहेर पडलेलं कुटुंब मुलाचा दाखलाही घेऊन जातं. 2020 पासून महापालिकेनेच सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळा काढल्या, त्याही मोफत. इंग्रजीच्या ओढीने आलेला पालक बोर्डाच्या ओढीने पुढे निघाला.

दरम्यान सरकारी मोजमाप कडक होत गेलं. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावरच्या मुलांची झाडाझडती निघाली. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं संचमान्यतेत ठरतात आणि संचमान्यता पटावर. पट घटला की तुकडी जाते, तुकडीमागून शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, त्याचं समायोजन दुसरीकडे होतं. मग गणिताचा तास चित्रकलेचे सर घेतात, आणि ते कळल्यावर आणखी चार पालक दाखला मागतात. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने हे निकष आणखी आवळले. त्याला शिक्षक संघटनांनी विरोध केला.

अमेरिकेतही कॅथलिक शाळा ओसरल्या, पण वेगळ्या कारणाने. 1960 च्या दशकात तिथे सुमारे 52 लाख मुलं या शाळांत होती, आता साधारण 17 लाख आहेत. तिथे नाममात्र मानधनावर शिकवणाऱ्या सिस्टर कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली आणि पालक गेले. आपल्याकडे अनुदानित शाळेचा पगार सरकार देतं, त्यामुळे फी हे मुख्य दुखणं नाही. इथे नाडी पटातच आहे.

म्हणून एखादी छोटी पॅरिश शाळा धोक्यात आहे का, हे विचारणाऱ्याने इमारतीचा रंग, शताब्दीची स्मरणिका किंवा दहावीची टक्केवारी पाहू नये. पाच वर्षांचे पहिलीचे आकडे एका ओळीत मांडावेत. किती शिक्षक अतिरिक्त ठरले, आजूबाजूच्या किती चाळी पाडायला निघाल्या आहेत, हे बघावं. शेजारच्या पॅरिशची शाळा एकत्र करता येईल का, हा प्रश्न फादरांना वेळेवर विचारावा. पहिलीचा आकडा सलग तीन वर्षं घसरला, तर शाळा धोक्यात आहे असंच समजावं.

इमारतीवर विसंबू नये, याला परळचीच साक्ष आहे. आजच्या हाफकिन संस्थेच्या वास्तूत कधीकाळी जेझुइटांचा मठ होता. पुढे तिथे गव्हर्नर राहिले, 1899 मध्ये प्लेगची प्रयोगशाळा आली. वास्तू टिकली म्हणून तिथलं मूळचं काम टिकलं, असं झालं नाही. आपल्या जुन्या शाळेत माजी विद्यार्थी म्हणून यंदा गेलात, तर हॉलमधली ट्रॉफी नंतर पाहा. आधी विचारा: पहिलीत किती?