सेप्टिक टाकी तुंबण्याची वाट पाहू नका

‘आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही भरली नाही,’ असे अनेक घरमालक कौतुकाने सांगतात. खरे तर सेप्टिक टाकी वापरात आल्यावर थोड्याच काळात पाण्याने भरते आणि पुढे कायम भरलेलीच असते. जेवढे पाणी आत येते, तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. पाहायचे असते ते तळाशी गाळ किती साचला हे.

टाकीत जड मैला खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले निवळलेले पाणी शोषखड्ड्यात जाते. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा मैला कुजवतात, पण तो पूर्ण संपवत नाहीत. गाळ वाढला की पाण्याला निवळायला अवधी मिळत नाही आणि मैला तसाच पुढे जातो. शोषखड्ड्याची माती बुजते, पाणी तुंबते किंवा उघड्या गटारीत जाते. ते विहिरीत किंवा बोअरमध्ये झिरपले, तर अतिसार, कावीळ, विषमज्वर पसरू शकतात. आपल्याकडे बेसाल्टच्या भेगांतून असे पाणी दूरवर पोहोचू शकते. म्हणून तुंबलेली नसली तरी टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी.

हे शिस्तीने कसे करता येते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. साताऱ्याजवळच्या वाई शहराने २०१८ मध्ये ठरावीक वेळापत्रकाने टाक्या उपसायला सुरुवात केली, पाठोपाठ सिन्नर नगरपरिषदेने. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचे त्यांना साहाय्य होते. नागरिकाने तक्रार करण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची पाळी येते. खर्च करातून भागतो आणि उपसलेला मैला नाल्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात नेला जातो.

जिथे अशी सोय नाही, तिथे नगरपालिकेकडे चौकशी करून सक्शन गाडीच बोलवावी. स्वस्तात होते म्हणून माणसाला टाकीत उतरवू नका. आतील हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. त्याला वाचवायला उतरणाराही दगावतो. सुरक्षा साधनांविना असे काम करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीत वाकून पाहणे, काडी पेटवणेही टाळा. आत मिथेन असतो.

घरी एवढे पाळा. झाकण फरशीखाली गाडू नका, नाहीतर गाडीचा पाइप आत जाणार नाही. सॅनिटरी पॅड, प्लॅस्टिक, खरकटे तेल शौचालयात टाकू नका. ॲसिडचा मारा केल्यास जिवाणू मरतात. हवेच्या पाइपला बारीक जाळी बांधा, डास थांबतील.

उपसल्यावर काही आठवड्यांतच टाकी पुन्हा तुंबली, तर दोष बहुधा बुजलेल्या शोषखड्ड्याचा असतो. तो नवा करावा लागतो. भिंतींना तडे गेले असतील किंवा तळ पक्का नसेल, तर टाकीच नवी बांधा. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा. भेगाळ खडकात अंतर आणखी वाढवा.

आज एकच काम करा: टाकी शेवटची केव्हा उपसली, ते घरात विचारा. कोणालाच आठवत नसेल, तर वेळ झाली आहे.