घड्याळ बदललं कुणी?

आईच्या पश्चात तिची ट्रंक उघडली तेव्हा आम्ही तिघंही भावंडं हजर होतो. जरीचं लुगडं, पोस्टाची पासबुकं, आणि रुमालात गुंडाळलेलं आण्णांचं मनगटी घड्याळ. धाकट्या भावानं ते हातात घेतलं आणि त्याचा चेहराच बदलला. "हे आण्णांचं नाही. आण्णांच्या घड्याळाची डायल पांढरी होती."

भिंतीवरच्या फोटोत आण्णा पोस्टमनच्या गणवेशात उभे आहेत आणि मनगटावरची पांढरी डायल लख्ख दिसते. एचएमटीचं 'जनता'. आणि आमच्या हातात होतं काळ्या डायलचं, मोठ्या पांढऱ्या आकड्यांचं घड्याळ. आण्णा १९८७ च्या जानेवारीत गेले. तेव्हा मी आठ वर्षांची होते, धाकटा पाचाचा आणि दादा शिकायला मामाकडे. आम्हाला जे घड्याळ 'आठवत' होतं, ते खरं तर फोटोतलं होतं. पण हे सुचायला फार उशीर झाला.

त्याआधी कुणाच्या तरी तोंडून निघून गेलं, की २००५ साली पट्टा बदलायला वहिनीनं ते घड्याळ मिरजेला, तिच्या माहेरी नेलं होतं. झालं! पुढचं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. वहिनी एवढंच म्हणाली, "मी दिलं तेच आणलं, ताई." दादा मान खाली घालून बसला. पुढच्या दोन भाऊबीजा धाकटा दादाच्या दारात गेला नाही. आणि मी? बचत गटात पाच रुपयांचीही पावती मागणारी मी, घरातल्या बाईवरचा आरोप मात्र पुराव्याशिवाय ऐकून गप्प बसले.

भांडण नको म्हणून घड्याळ माझ्याकडे दिलं गेलं. ते बंदच होतं. दोन वर्षं कपाटात पडलं होतं. शेवटी एके दिवशी एस. टी. स्टँडजवळच्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेले. चालू झालं तर बघावं, एवढाच विचार होता.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि न उघडताच म्हणाले, "बाई, हे एक घड्याळ नाही, दोन-तीन आहेत." केस 'जनता'ची. डायल 'पायलट'ची. तासाचा आणि मिनिटाचा काटा पांढरा, 'पायलट'चाच. सेकंदाचा मात्र पातळ, स्टीलचा, जुना. चावीचं बटण तिसऱ्याच कुठल्या घड्याळाचं, जरा मोठं, म्हणून हलणारं. माझ्या पोटात गोळाच आला. म्हणजे धाकटा म्हणत होता ते खरंच की काय?

मग त्यांनी मागचं झाकण काढलं आणि मला शेजारच्या स्टुलावर बसवून शिकवणीच घेतली. एचएमटीनं १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळं करायला सुरुवात केली. 'जनता' आणि 'पायलट' दिसायला निराळी, पण आतलं चावीचं मशीन एकाच जातीचं, सतरा ज्युवेलचं. त्यामुळे एकाची डायल दुसऱ्याला बसते. गावोगावचे कारागीर हे सर्रास करत. डायलवर डाग पडला की दुकानात जी असेल ती बसवायची, घड्याळ चाललं पाहिजे! कंपनीचं घड्याळ-उत्पादन २०१६ साली बंद झालं, त्यामुळे आता सुटे भाग बहुतेक जुन्या बंद घड्याळांतूनच काढावे लागतात.

"मग खोटं कसं ओळखायचं?" मी विचारलं. ते म्हणाले, हल्ली जुन्या एचएमटीला शौकीन मिळतात, म्हणून तीन घड्याळं मोडून एक करतात, डायल नव्यानं रंगवतात. ती अक्षरं भिंगाखाली फुगीर दिसतात, कडा फाटलेल्या असतात. आपली डायल रंगवलेली नाही. ही विकायला सजवलेली नाही, वापरायला दुरुस्त केलेली आहे.

आणि मग त्यांनी झाकण उलटं करून उजेडात धरलं. आतल्या बाजूला सुईनं कोरल्यासारखं बारीक काहीतरी होतं. जुने कारागीर दुरुस्तीला आलेल्या घड्याळात पावतीचा नंबर आणि तारीख अशी खुणेला कोरून ठेवत. तिथं होतं: '२१४', आणि खाली '८-८६'.

ऑगस्ट १९८६. वहिनी आमच्या घरात आली १९९६ ला.

मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि तशीच दादाकडे गेले. आण्णांच्या हिशोबाच्या वह्या त्याच्याकडे विम्याच्या कागदांबरोबर होत्या. आण्णांना चहाचे पैसेसुद्धा लिहायची सवय. शहाऐंशीची वही वहिनीनंच शोधून दिली, मी कशाला मागते आहे हे न विचारता. ऑगस्टच्या पानावर होतं: 'घड्याळ पावसात भिजले. विटा. पावती २१४. डायल नवी (काळी), काटे २. रु. ३८.'

मी ते मोठ्यानं वाचलं. वहिनी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी मागोमाग जाऊन माफी मागितली. "तुम्ही तरी एकदा विचारायचं होतं, ताई," ती म्हणाली. यावर मला उत्तर नव्हतं. रात्री धाकट्याला फोन केला, पण फोटो पाठवूनही त्याला यायला आठवडा लागला.

दुरुस्तीचं सांगायचं तर मोठं काही नव्हतं. आतलं तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. मशीन सुटं करून पेट्रोलमध्ये धुतलं, नवं तेल घातलं, काच बदलली, हलणारं बटण काढून मापाचं बसवलं. केसला पॉलिश करू दिलं नाही. ओरखडे आण्णांच्या सायकलवरचे आहेत. तुमच्याकडे असं घड्याळ असेल तर ते समोर बसून उघडून घ्या, आधी फोटो काढा आणि काढलेले जुने भाग परत मागा. झाकणाची आतली बाजू घासून चकचकीत करू नका, असं मात्र आवर्जून सांगा. चावी रोज ठरल्या वेळी द्यायची आणि हाताला अडकल्यासारखं लागलं की थांबायचं.

घड्याळजींकडे एक जुनी पांढरी 'जनता' डायल निघाली. देवनागरी अक्षरांची, अगदी फोटोतल्यासारखी. धाकटा लगेच म्हणाला, "बसवून टाकू. पैसे मी देतो." मलाही क्षणभर मोह झाला.

वहिनीनं घड्याळ कानाला लावलं, मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "नको भाऊजी. काळीच राहू दे."

काळीच आहे. दिवसाला तीन-चार मिनिटं मागं पडतं. चावी दादाकडे वहिनी देते, सकाळचा चहा टाकताना.