खुणांची भाषा : गावातली आणि शाळेतली

गावभाषा : पिढ्यान्‌पिढ्या कर्णबधिर मुलं जन्माला येणाऱ्या वस्तीत रुजलेली सांकेतिक भाषा. ऐकू येणारे शेजारीही ती बोलतात, हे तिचं खरं वैशिष्ट्य. भारतातलं उदाहरण कर्नाटकातलं अलीपूर (जि. चिक्कबळ्ळापूर).

मार्थाज व्हिनयार्ड, अमेरिका : गावभाषेसाठी प्रसिद्ध बेट. तिथलं बहिरेपण आनुवंशिक होतं. 19व्या शतकात तिथल्या चिलमार्क गावात साधारण 25 माणसांमागे एक कर्णबधिर होता. मासेमारी, गावसभा, लग्नं, सगळीकडे खुणा चालत. मुलाला वेगळं शिकवावं लागत नसे. पुढे बेटाबाहेर लग्नं वाढली आणि कर्णबधिर मुलं कमी जन्मू लागली. तिथला शेवटचा जन्मजात कर्णबधिर रहिवासी 1952 साली वारला.

घरखुणा : एखाद्या गावात कर्णबधिर मूल एकटंच असेल, तर ते आणि घरचे मिळून खुणा तयार करतात. त्या घराबाहेर कळत नाहीत.

शाळाभाषा : अनेक ठिकाणची मुलं एकत्र आली की घडते. भारतातली पहिली कर्णबधिर शाळा 1880च्या दशकात मुंबईत निघाली. त्याच सुमारास, 1880च्या, कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या मिलान परिषदेने वर्गात खुणांऐवजी ओठवाचन आणि उच्चार यांवर भर दिला. वसतिगृहांत मात्र खुणा टिकल्या.

भारतीय सांकेतिक भाषा
• मराठी किंवा हिंदीचं खुणांतलं रूप नव्हे, व्याकरण स्वतंत्र. प्रश्नाची खूण बहुधा वाक्याच्या शेवटी.
• कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था, वांद्रे (मुंबई) : स्थापना 1983.
• 2021च्या शब्दकोशात 10,000 नोंदी.
• आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन : 23 सप्टेंबर.