मधल्या वाटेवरची गोळी

आंबिवलीत दुखणे बळावले की रोगी एकाच इस्पितळात क्वचितच राहतो. आधी जवळचा डॉक्टर, मग कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, तिथून कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, आणि त्याहीपुढे शीव, नाही तर परळचे के. ई. एम. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत. प्रश्न आहे तो मधल्या वाटेचा!

आमच्या मामंजींना कंपवात आहे. लेव्होडोपाची गोळी दिवसातून चार वेळा, अगदी घड्याळाच्या काट्यावर. गेल्या पावसाळ्यात छातीत कफ साठला म्हणून त्यांना एका रुग्णालयात ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी मुंबईस हलवायचे ठरले. बाराची गाडी तीनला आली. मुंबईत खाट मिळेपर्यंत सात वाजले. पहिल्या ठिकाणी 'आता निघालेच आहेत' म्हणून दोनची गोळी राहिली. दुसऱ्या ठिकाणी 'अजून दाखल व्हायचे आहेत' म्हणून सहाची. रात्री मामंजी लाकडासारखे ताठ! घोटभर पाणीही गिळवेना.

पाळीवरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "शेवटची गोळी किती वाजता दिली?"

सासूबाईंनी पिशवीतून वही काढली. सकाळी दहा, असे त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते. बाईंनी नाकातल्या नळीवाटे औषध सुरू केले. पहाटे मामंजींनी पुटपुटत चहा मागितला, तेव्हा कुठे सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आले.

ही गोष्ट केवळ कंपवाताची नव्हे. फेफऱ्याचे औषध चुकले तर झटका येऊ शकतो. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवता येत नाही. जन्मभर इन्सुलिनवर असणाऱ्याचे इन्सुलिन पूर्ण बंद झाले तर जिवावर बेतते. उलट रक्त पातळ करणारे औषध दोन्हीकडे दिले गेले, तर रक्तस्राव! जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांतून होणारी इजा टाळण्याची मोहीम काढली, तेव्हा रोगी एका हातातून दुसऱ्या हातात जातो तो काळ तिने तीन मुख्य विषयांत धरला.

मग आपण काय करावे? एका कागदावर औषधाचे नाव, मात्रा, वेळा आणि शेवटची मात्रा दिल्याची वेळ लिहावी. कशाची अ‍ॅलर्जी असेल तर तीही. औषधे सामानात न टाकता रोग्याबरोबरच्या माणसाच्या हाती द्यावी. इन्सुलिन गार ठेवावे, पण बर्फाला टेकवू नये. मात्र वाटेत आपल्या मनाने गोळी देऊ नये. गिळता येत नसेल तर मुळीच नाही. वाटेतल्या मात्रेचे काय करायचे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

१०८ क्रमांकाची गाडी दारात आली की घरात एकच धांदल उडते. तरी वाचकहो, गाडीचे दार लागण्यापूर्वी एवढे जरूर विचारा: "पुढची मात्रा किती वाजता, आणि ती देणार कोण?"