डोळ्यांवरची पेटी आणि चावडीवरची पेटी

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो खरे; पण ते लग्नकार्याच्या वेळी. एरवी मराठी गृहस्थ दुकानात नवी वस्तू पाहतो, तिला तीन वेळा उलटीसुलटी करतो, किंमत विचारतो आणि ‘पुन्हा येतो’ म्हणून पायऱ्या उतरतो. हल्ली डोळ्यांवर बांधावयाची जी एक पेटी निघाली आहे, ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’चा हेडसेट म्हणतात ती, तिच्या बाबतीत जगभरच्या गृहस्थांनी हेच केले आहे. पाहून सारे थक्क होतात. घेऊन जाणारे थोडे.

पेटीचे तत्त्व जुनेच आहे. उजव्या डोळ्याला एक आणि डाव्याला किंचित निराळे चित्र दाखविले, की मेंदू त्या दोहोंचे एक करतो आणि चित्राला खोली येते. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८३८ साली मांडले. त्यातूनच स्टिरिओस्कोप निघाला. आजच्या पेटीत मुख्य भर ही, की मान वळवाल तसे चित्रही वळते. पाहणारा चित्रासमोर न राहता चित्राच्या आत जाऊन उभा राहतो. अनुभव विलक्षण आहे यात शंका नाही. मग घेणारा थबकतो का?

पहिले उत्तर अर्थातच किंमत. ॲपल कंपनीने २ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत ‘व्हिजन प्रो’ विक्रीस काढला तो ३४९९ डॉलरना. म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २ लाख ९० हजार रुपयांना. मेटा कंपनीचा ‘क्वेस्ट ३’ २०२३ साली ४९९ डॉलरना निघाला. तो एकेचाळीस हजारांच्या घरात जातो. बडोद्यात बसून हे आकडे नुसते आकडे वाटतात. दरवर्षी मार्गशीर्षात मी दत्तजयंतीसाठी हुमनाबादजवळच्या माणिकनगरास जातो आणि तेथून गाणगापूर करून परततो. आपल्यापैकी अनेक दत्तभक्त घराण्यांचा तो परिपाठ आहे. त्या वाटेवर दोहो बाजूंस तुरीची शेते लागतात. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तुरीचा सरकारी हमीभाव २०२४-२५ साली क्विंटलला ७५५० रुपये होता. म्हणजे ‘व्हिजन प्रो’ची किंमत अडतीस क्विंटल तूर! कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल उतरली तर शेतकरी देवाला नारळ फोडतो. आठ एकरांचे पीक एका माणसाच्या डोळ्यांवर बांधावयाचे, ही कल्पना त्या मुलखात कोणी हसण्यावारीही नेणार नाही.

परंतु किंमत हे अर्धेच उत्तर. गूगलने २०१४ साली पुठ्ठ्याची घडीची पेटी काढली होती. आत फोन सरकवला की काम भागे. खर्च जवळजवळ नाहीच. त्या पेट्या लाखांनी वाटल्या गेल्या, आणि २०२१ साली गूगलने त्यांची विक्री बंद केली. आपल्याकडे जिओने २०२३ साली क्रिकेट पाहण्यासाठी १२९९ रुपयांची पेटी आणली. आपल्या ओळखीच्या किती घरांत ती रोज हाती घेतली जाते, हे वाचकांनीच आठवून पाहावे. मेटाने २०२४ साली ‘क्वेस्ट ३एस’ २९९ डॉलरपर्यंत खाली आणला; तरी ज्या विभागात हा उद्योग चालतो, त्याला त्याच एका वर्षात १७ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. स्वस्ताई करूनही गिऱ्हाईक येत नसेल, तर अडचण खिशापलीकडची आहे.

ती कोठे आहे हे मला भालकीस कळले. बीदर जिल्ह्यातले हे गाव माझे आजोळ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग कर्नाटकात गेला, पण घरात मराठी, दारात कानडी आणि बाजारात दखनी हा तेथला शिरस्ता मोडलेला नाही. मामी ऐंशीच्या घरात आहेत. एके काळी बीदरच्या झरणी नरसिंहाला त्या नेमाने जात. तेथे झरा वाहता असला, म्हणजे डोंगरातल्या बोगद्यातून छातीइतक्या पाण्यात चालत देवापर्यंत जावे लागते. गुडघे गेले तसे ते सुटले, आणि ती खंत त्यांच्या बोलण्यात वारंवार येई. अमेरिकेतल्या नातवाने हौसेने ‘क्वेस्ट’ पाठविला. धाकट्या नातवाने मित्रांच्या मदतीने चहूकडचे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने झरणीचे चित्रण करून त्यात भरले. आजीला पुन्हा देव भेटवावा, एवढाच त्या पोरांचा हेतू.

मामींच्या डोक्यावर ते अर्धा किलोचे ओझे चढले. चष्मा काढावा लागला. क्षणभर त्या गप्प राहिल्या. मग हात पुढे करून चाचपडू लागल्या. ‘‘बाळा, दिसतंय समदं. पण पाणी लागंना की रे अंगाला!’’ पाच मिनिटांत त्यांना गरगरू लागले. दुसऱ्या दिवशी नातवाच्या भिडेखातर पुन्हा एकदा पाहिले, आणि पेटी कपाटात गेली.

पुढे एका संध्याकाळी नातवाने पेटी स्वतः लावली आणि आत दिसणारे चित्र दिवाणखान्यातल्या टीव्हीवर सोडले. सारे घर जमले. शेजारच्या दोघी आल्या. आणि मामी बोलू लागल्या! ‘‘इथं पायरी निसरडी हाय… इथं तुझ्या आजोबांचा पंचा वाहून गेलता…’’ नातू आत मान वळवी, त्या बाहेरून वाट दाखवीत. तास कसा गेला कळले नाही. पाण्याचा स्पर्श तेव्हाही नव्हता. पण चौघांना सांगावे असे काही त्यांच्यापाशी होते, आणि ऐकणारे भोवती होते. पेटीत डोके घातल्यावर नेमके तेच नाहीसे होत होते.

मीही तीत एक मैफल ऐकली. गवई हाताच्या अंतरावर बसलेला. समेवर माझ्या तोंडून ‘वाहवा’ निघाले आणि मी सवयीने शेजारी वळलो. शेजारी एक अनोळखी गृहस्थ माझ्या पलीकडे पाहत होता. माझे वडील अगदी तरुण वयात बडोद्याच्या कलावंत कारखान्यात चाकरीस होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते पंचविशीतही नव्हते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. ते सांगत, की दरबारात गाताना पाहावे सरकारांकडे, पण सूर लागला की नाही ते ओळखावे तबलजीच्या चेहऱ्यावरून. त्या पेटीतल्या गवयाला माझा चेहरा दिसत नव्हता. गाणे कानावर पडले. मैफलीत बसलो असे काही म्हणवत नाही.

महागडे यंत्र सामान्य माणसाला भावतच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्याचीच साक्ष काढतो. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर आपल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही संच बसविले. कर्नाटकातल्या जिल्ह्यांत गुलबर्गा होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची मोठी छत्री, आणि शाळेत वा पंचायतीत एक संच. त्या काळी स्वतःचा टीव्ही घेणे खेड्यात कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मामी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होत्या; कडेवर पोर घेऊन बायका शाळेच्या अंगणात कशा दाटीने बसत, ते त्या अजून सांगतात. संच एक, पाहणारे शेकडो. पुढे टीव्ही घरोघर गेला, तेव्हा लोकांनी काही निव्वळ यंत्र विकत घेतले नाही. अंगणातली ती बैठक आपल्या ओसरीवर आणली.

आपल्या बडोद्याला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आणवून ग्रंथालय खाते उभारले, तेव्हा त्यात चित्रांतून शिकविणारी एक स्वतंत्र शाखा होती. चलच्चित्रे, जादूचा दिवा आणि आजच्या पेटीचा पूर्वज असलेला स्टिरिओस्कोपही तिच्या सरंजामात असे. साध्या रयतेने ती यंत्रे विकत घ्यावीत अशी अपेक्षा कोणीच केली नव्हती. पाहण्याची सोय सरकारने केली होती.

नव्या पेटीचे भवितव्य मला त्याच वाटेवर दिसते. वैद्यकीचे विद्यार्थी, यंत्रे चालविण्यास शिकणारे कामगार, खेळांचे शौकीन तरुण यांना तिचा उपयोग आहेच. काशीविश्वनाथाच्या मंदिरात अशा पेटीतून दर्शनाची सोय निघाली आहे. पैसे देऊन घटकाभर पाहावे आणि पेटी परत करावी, असा व्यवहार सामान्य माणसाला समजतो. जत्रेतल्या बायोस्कोपवाल्याला त्याने तो पूर्वी दिलेलाच आहे. मात्र जी वस्तू घरातल्या एकालाच घेऊन आत जाते आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवते, तिला आपल्या घरात कायमची जागा मिळणे कठीण आहे. मग ती तीन लाखांची असो की तेराशेची.

आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत, आणि म्हाताऱ्या आईबापांसाठी काही पाठवावे हा त्यांचा जीव तुटतो. त्यांना माझे सांगणे इतकेच, की पेटी पाठवायची तर अवश्य पाठवा, पण एखाद्या शाळेला, वाचनालयाला पाठवा. भालकीची पेटी आता तशीच एका हायस्कुलात गेली आहे; पोरे पाळीपाळीने बीदरचा किल्ला पाहतात आणि बाकीची पडद्यावर पाहून गलका करतात. नातवंडांनी या दिवाळीत पुन्हा विचारले, तेव्हा मामींनी दुसरी पेटी नको म्हणून सांगितले. त्यांनी गाडी मागितली आहे, आणि उचलून नेणारी दोन दणकट पोरे. पाण्यात उतरता आले नाही, तरी झरणीच्या तोंडाशी बसून हात भिजवायचा आहे, म्हणाल्या.