अंथरुणातली कचेरी

दिवसभर जिची आठवणही झाली नाही, ती काळजी रात्री पाठ टेकल्यावरच का उपटते, यात गूढ काही नाही. दिवसा लोकल गाठायची असते, फोन घ्यायचे असतात, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. दिवा मालवला की ही गर्दी ओसरते आणि थकलेला हप्ता, मुलीचं बारावीचं वर्ष, आईच्या रिपोर्टमधला तो एक आकडा, असे सगळे अर्जदार एकदम दारात येतात. इथवर बिघाड काही झालेला नसतो. तो होतो पुढच्या पायरीवर. ‘आता झोपलंच पाहिजे, सकाळी लवकर उठायचंय’ असं माणूस स्वतःला बजावतो आणि झोप न येण्याची एक नवी काळजी रांगेत येऊन उभी राहते. बहुतेकदा तीच सगळ्यांत मोठ्यानं बोलते. निद्रानाशावर गेल्या पन्नास वर्षांत जे काम झालं, त्यातून मला दिसतं ते हे, की काळजी माणसाला जागं करते, पण जागं ठेवते ती झोपण्याची खटपट.

1987 मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं आणि तरी तो आलाच तर घंटी वाजवायला लावली. घंटी वाजतच राहिली. औषध घेताना माकड आठवू नका असं बजावणारा वैद्य आपल्या गोष्टींत आधीपासून होताच. वेग्नरनं मोजदाद केली, एवढंच. झोपेचं तर याहून अवघड, कारण ती आणू म्हणून आणता येत नाही. शरीर जितके तास जागं, तितका झोपेचा दाब साचत जातो. रात्र वाईट गेली म्हणून नऊपर्यंत लोळणारा किंवा दुपारी दोन तास ताणून देणारा माणूस हा साचलेला दाब खर्चून टाकतो आणि पुढच्या रात्रीचं जागरण ओढवून घेतो.

रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेला उपाय म्हणूनच ऐकायला उलटा वाटतो: झोप येत नसेल तर अंथरूण सोडा. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील असं वाटलं, घड्याळ न बघता, की उठायचं. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं. डोळे मिटू लागले की परतायचं. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. रोज तळमळून तळमळून अंथरूण म्हणजे जागण्याची जागा, अशी शरीराची खूणगाठ बसलेली असते, ती सोडवायची. हे तंत्र पुढे निद्रानाशासाठीच्या कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीत आलं. जुनाट निद्रानाश असलेल्या प्रौढांना सर्वांत आधी हीच थेरपी द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2016 मध्ये केली. सुरुवातीचे काही दिवस झोप आणखी कमी होऊ शकते, हे मात्र आधीच सांगायला हवं, नाहीतर माणूस चौथ्या रात्रीच नाद सोडतो.

अंथरूण सोडून दुसऱ्या खोलीत जा म्हणणं सोपं आहे, पण एका खोलीत पाच जण झोपत असतील तर जायचं कुठं? आक्षेप रास्त आहे. पण भिंतीला टेकून उठून बसलं, तरी अंथरुणात कूस बदलत राहण्यापेक्षा बरं. आणि खरं तर सकाळी वळकटी बांधून ठेवणारी घरं या बाबतीत शहाणीच म्हणायची. गादी फक्त रात्री पसरली जाई, त्यामुळे तिचा झोपेपलीकडे कशाशी संबंधच येत नसे. आता दिवाण हाच सोफा, तोच जेवणाचा पाट आणि तेच ऑफिस. मग रात्री तिथं कचेरी भरली तर नवल काय.

याहून वजनदार आक्षेप असा, की काळजी खरी आहे. कर्ज अंथरूण सोडल्यानं फिटत नाही. बरोबर. पण रात्री अडीचला ना बँक उघडी असते, ना डोकं धड असतं. त्या काळजीला संध्याकाळची वेळ नेमून देता येते. बेलर विद्यापीठातल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 57 तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी झालेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. प्रयोग छोटा, एका रात्रीचा आणि निरोगी माणसांवरचा, त्यामुळे नऊ मिनिटांवर फार इमले बांधू नयेत. पण ‘कर्जाचं काय होणार’ आणि ‘बुधवारी शाखेत जाऊन हप्ता पुढे ढकलायचं विचारणे’ यांत फरक आहे. दुसरं वाक्य कागदावर ठेवता येतं.

गोळीचा मोह समजण्यासारखा आहे, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे दिवस तिचा उपयोगही होतो. पण अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि त्या आपल्या मनानं एकदम बंद केल्या तर गेलेली झोप दुप्पट त्रास देते. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच सोडाव्यात. घोरताना श्वास अडकत असेल, तर दुखणं वेगळंच आहे, त्याची तपासणी हवी. मन सतत उदास असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर याद्या लिहीत बसू नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्री अडीचलाही तिथं फोन उचलतात.