मध्यवर्ती शिरेतील नळी आणि जंतुसंसर्ग

हाताच्या नाजूक शिरांना न सोसणारी तीव्र औषधे अत्यवस्थ रुग्णास देता यावीत म्हणून अतिदक्षता विभागात मानेतील, छातीच्या वरच्या भागातील अथवा जांघेतील मोठ्या शिरेत जी नळी घालतात व जिला रुग्णालयात सर्रास ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात, तीच नळी जंतूंनाही रक्तप्रवाहात उतरण्याचा राजमार्ग ठरू शकते. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे नांदणारे जंतू नळीच्या बाह्य पृष्ठभागावरून आत सरकतात. काही जंतू औषध टोचण्याच्या तोंडाशी लागलेल्या अस्वच्छ हातांमुळे तिच्या पोकळीत शिरतात. आणि एकदा का नळीच्या भिंतीवर त्यांचा बुळबुळीत थर जमला, की प्रतिजैविकांची मात्रा तेथे फारशी चालत नाही. मग बहुधा नळीच काढावी लागते.

यावरील उपाय मात्र आश्चर्य वाटावे इतके साधे आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट व सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हात धुणे, रुग्णास पूर्ण निर्जंतुक आच्छादन घालणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, शक्यतो जांघ टाळणे आणि अनावश्यक नळी काढणे ही पंचसूत्री अंमलात आणली; तीत कसूर दिसल्यास डॉक्टरासही थांबविण्याचा अखत्यार परिचारिकेस दिला, आणि माझ्या मते खरी मेख येथेच होती. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी 7.7 असलेले संसर्गाचे प्रमाण दीड वर्षात 1.4 वर आले.

रुग्णाच्या आप्तांनी ‘ही नळी आजही आवश्यक आहे काय?’ असे रोज डॉक्टरांस निःसंकोच विचारावे.